शेतघरावर चार पॅनल: सिरीज की पॅरलल?

मेहुण्याने शेतघरासाठी १०० वॅटचे चार सोलर पॅनल आणलेत, बॅटरी १२ व्होल्टची. आता जोडणी कशी करायची, इथे गाडी अडली आहे.

सिरीजमध्ये, म्हणजे पॅनल एकामागे एक जोडले की, व्होल्टेजची बेरीज होते. एका पॅनलचे साधारण १८ व्होल्ट, ५.५ अँपिअर धरले, तर चारांचे ७२ व्होल्ट, करंट तेवढाच. पॅरललमध्ये, म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र जोडले की, १८ व्होल्ट आणि २२ अँपिअर. खरा फरक पडतो तो वायरीत. करंट चौपट झाला की त्याच वायरीतला तोटा सोळापट. म्हणजे पॅनल बॅटरीपासून लांब असतील तर जाड वायर आली, आणि तांब्याचे भाव कुणाला सांगायला नकोत.

सावलीत पॅरलल सरस: एका पॅनलवर झावळी आली तरी उरलेले तीन चालू. सिरीजमध्ये बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट नेणारा) नुकसान आवरतो, भरून काढत नाही. पॅरललमध्ये मात्र प्रत्येक पॅनलला फ्यूज हवा.

कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा) पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवणारा साधा प्रकार असेल तर प्रश्नच मिटला, पॅरलल. एमपीपीटी (जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलणारा कंट्रोलर), मोकळं छप्पर आणि लांब वायर असेल तर सिरीज. फक्त थंडीत ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच न जोडता पॅनलवर दिसणारं व्होल्टेज) वाढतं, ते कंट्रोलरच्या मर्यादेत बसतं का पाहा. एमपीपीटी असून थोडी सावली येत असेल, तर दोन-दोन सिरीजमध्ये जोडून त्या जोड्या पॅरलल करा.