रात्रीच्या अटेंडंटसाठी घेतलेली ब्युरोची सेवा : तीन महिन्यांचा अनुभव

पक्षाघाताने आई अंथरुणाला खिळली, त्यानंतरचे आठ महिने मी आणि पत्नी दोघांनीच तिचे सारे केले. अखेर घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या नागपुरातील एका ब्युरोकडून रात्रीच्या बारा तासांसाठी अटेंडंट घेतली. ब्युरोचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढची तक्रार मी इतर ब्युरोंबद्दलही ऐकली आहे.

आलेल्या ताई मात्र कामात अतिशय वाकबगार निघाल्या. पहिल्याच रात्री त्यांनी एअर बेडवरची चादर हाताने चाचपली, एक सुरकुती काढली आणि म्हणाल्या, "दादा, जखम इथूनच सुरू होते." दर दोन तासांनी कूस बदलताना रुग्णाला ओढायचे नाही, कारण कातडी घासली जाते, खालच्या आडव्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचे, हे त्यांनी माझ्याकडून करवून घेतले. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत पाठीला घाम धरतो, म्हणून त्या पाठ टिपून कोरडी करीत. नळीतून अन्न देताना आणि त्यानंतरही निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, हेही त्यांच्याकडूनच पक्के कळले. रुग्णालयातून सोडताना हे आम्हाला सांगितले असेलही, पण त्या दिवशी आमचे लक्ष बिल आणि स्ट्रेचर यांतच होते.

ताई आठवडाभर गावी गेल्या आणि ब्युरोचे खरे रूप दिसले. आठच्या ड्युटीला बदली बाई साडेदहाला आल्या, त्यांना नळीची सवय नव्हती, ब्युरोचा फोन कोणी उचलला नाही आणि पैसे मात्र पूर्ण लागले. ब्युरोने सुरुवातीला भरून घेतलेल्या फॉर्मात आईचे वजन, आजार, लघवीची पिशवी असे सगळे विचारले होते; घरात सेवा कोण करते आणि ते झोपतात कधी, यासाठी रकाना नव्हता.

त्याच रात्री अडीच वाजता मी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही सरकारी सेवा विनामूल्य आणि चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येते. समुपदेशकांनी आईआधी माझ्या झोपेची चौकशी केली, तेव्हा मला काही क्षण बोलताच येईना. रविवारची रात्र बहिणीकडे सोपवण्याचे त्या बोलण्यातूनच ठरले.

ब्युरो घेणाऱ्यांनी बदली किती तासांत मिळेल आणि तिला नळी हाताळता येते का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे. ताईंना पाचपैकी पाच, ब्युरोला दोन.