रंग आधी ठरवा, कागद मग: कोझो, मित्सुमाता की गाम्पी?

जपानी हातकागदाला वाशी म्हणतात (नवी मुंबईकरांनी हसून घ्यावं). घ्यायला गेलं की पहिला घोळ नावांचा होतो. मिनो, एचिझेन, तोसा ही ठिकाणांची नावं. कागदाचा स्वभाव ठरतो तो कोझो, मित्सुमाता, गाम्पी यांतल्या कोणत्या झुडपाच्या सालीचा आहे यावर.

कोझो तुतीच्या कुळातला. तंतू साधारण १० मिलिमीटर लांब, त्यामुळे कागद पातळ असूनही भिजल्यावर तग धरतो. २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलेले सेकिशू, मिनो आणि होसोकावा हे तिन्ही कागद कोझोचेच. मित्सुमाताचे तंतू त्याच्या निम्म्याहून आखूड. कागद मऊ, गुळगुळीत, बारीक छपाईला उत्तम. जपानी नोटांतही हाच तंतू वापरतात. गाम्पी सगळ्यांत देखणा, रेशमासारखा चमकणारा. पण त्याची लागवड सहज जमत नाही, साल रानातून आणावी लागते, म्हणून भाव चढा.

आता रंगवायची पद्धत. घरी पहिल्यांदाच करणार असाल तर ओरिझोमे: कागदाला घड्या घालायच्या, कोपरे रंगात बुडवायचे, उलगडायचं. यासाठी खळ न दिलेला कोझो हवा, रंग झरझर चढतो. हिकिझोमेत रुंद कुंचल्याने रंग ओढतात; तिथे उलट, सरस आणि तुरटीचा हात दिलेला कागद बरा, नाहीतर डाग फुटतात. पण तुरटी आम्लधर्मी असते, वर्षानुवर्षं जपायच्या कामाला मी ती टाळेन.

काताझोमे हा खरा कस. साच्यातून तांदळाच्या पिठाची आणि कोंड्याची लापशी कागदावर लावायची, उरलेल्या जागी रंग भरायचा, मग सगळं पाण्यात धुवून काढायचं. जपानी रंगकलावंत सेरिझावा केइसुके यांची कॅलेंडरं याच पद्धतीची. एवढं पाणी सोसायला कोझोच हवा, तोही जरा जाड. वरून कोन्याकू कंदाची खळ दिलेली असेल तर उत्तम.

गाम्पी मला फार आवडतो, तरी रंगवायला सांगणार नाही. पाणी लागलं की आकसतो, सुरकुततो. तो छपाईला किंवा नुसता पुस्तकाच्या आतल्या पानाला ठेवा.

स्वस्त 'कोझो'त लाकडाचा लगदा मिसळलेला असू शकतो. नमुना मागवा, पाण्याची रेघ ओढून तिथून फाडून बघा: कडेला लांब, केसाळ तंतू सुटले तर ठीक, कड तुटक आली तर दुसऱ्या दुकानात जा.