अभियांत्रिकी प्रथम वर्षाचा परिचय कार्यक्रम: एका पालकाचा अभिप्राय

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावातून माझ्या मुलीला छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा तेथील परिचय कार्यक्रमाकडून, म्हणजे मुले ज्याला ‘इंडक्शन’ म्हणतात त्याकडून, माझी अपेक्षा एवढीच होती की तिने ‘बाबा, मला घरी न्या’ असा फोन करू नये. तो फोन दुसऱ्याच रात्री आला. नंतर मात्र आला नाही, आणि त्याचे श्रेय मी या कार्यक्रमाच्या एकाच भागाला देतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात हा कार्यक्रम तीन आठवड्यांचा आहे. येथे तो आठ दिवसांत उरकण्यात आला. त्यातील दोन दिवस सभागृहातील इंग्रजी भाषणांत गेले. आमच्याकडच्या मुलांची बारावीची पुस्तके इंग्रजीत असली तरी समजावून सांगणारे सर मराठीतच बोलत असतात, हे आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी वीसेक मुलामुलींचे गट पाडले गेले आणि प्रत्येक गटाला एक प्राध्यापक व तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी देण्यात आला. माझ्या मुलीच्या गटाला जालन्याची एक ताई मिळाली. तिने पहिल्याच बैठकीत सांगितले की, तासाला शंका मराठीत विचारली तरी सर रागावत नाहीत, तिने स्वतः वर्षभर तशाच विचारल्या. मग तिने सर्वांना ग्रंथालयात नेऊन प्रत्येकाच्या नावावर एक तरी पुस्तक घ्यायला लावले. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते, म्हणून प्रत्येकाचे खाते जोडलेले आहे की नाही हे तिने बाजूला बसून मोबाइलवर तपासायला सांगितले, तिघांचे नव्हते. रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक तिने सर्वांना वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावला. दोन दिवसांच्या भाषणांनी जे साधले नाही, ते या दोन तासांत साधले, असे मला मनापासून वाटते.

गंभीर उणीव वेगळीच आहे. केंद्रीभूत प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत येणाऱ्या मुलांसाठी हा कार्यक्रम पुन्हा घेतला जात नाही. मुलीच्या खोलीत हिंगोली जिल्ह्यातील एक मुलगी आहे. ती आली तेव्हा नियमित तास सुरू झाले होते, आणि आपला मार्गदर्शक प्राध्यापक कोण हेही तिला महिनाभर कोणी सांगितले नाही. उशिरा आलेल्यांसाठी दोन दिवसांचा का होईना, दुसरा वर्ग घ्यावा, अशी लेखी विनंती मी महाविद्यालयाला केली आहे. तोवर माझी मुलगी रात्री आपली वही तिच्यापुढे उघडून, ताईने सांगितलेले एकेक तिला सांगत असते.