चळवळीची ओढ असेल तर बीए कुठे करावं? फर्ग्युसन की अशोका?

बारावी झालेल्या भाचीला सामाजिक कामाची ओढ आहे आणि ती पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि हरियाणातलं अशोका हे खाजगी विद्यापीठ या दोन नावांत अडकली आहे. माहितीपत्रकं बाजूला ठेवून तिला सांगितलं ते असं.

खर्चात तुलनाच नाही. फर्ग्युसनचं अनुदानित बीए साध्या घराला झेपतं. सोनीपतच्या अशोकाला वर्षाला काही लाख लागतात. शिष्यवृत्ती मिळते, पण ती हातात पडल्याशिवाय हिशोबात धरू नये.

अभ्यासात अशोका पुढे. छोटे वर्ग, भरपूर वाचन, प्राध्यापकांशी थेट वाद. प्रश्न विचारायची सवय तिथे अंगात मुरते. मार्च २०२१ मध्ये तिथले प्राध्यापक, राजकीय विचारवंत प्रताप भानू मेहतांच्या राजीनाम्यानंतर तिथल्या मुलांनी दोन दिवस वर्गांवर बहिष्कार टाकला. विद्यार्थी प्रतिनिधीही ती मुलं स्वतः निवडून देतात. आपल्याकडे कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकापासून बंद आहेत, ही उणीव मला फार खुपते.

पण चळवळ माणसांत असते. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढलं, दंडही झाला. ती होळी पेटली होती शहरात. आजही फर्ग्युसनमध्ये बाकावर शेजारी बीडचा, नंदुरबारचा मुलगा बसतो. मेसचं बिल, अडकलेली शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षेची तारीख हे त्याचे रोजचे प्रश्न. निवासी कॅम्पसवर हे पुस्तकातून कळतं.

धोरण, संशोधन, पत्रकारिता करायची असेल आणि शिष्यवृत्ती पक्की असेल, तर अशोका. महाराष्ट्रात, मराठीत, लोकांत काम करायचं असेल तर फर्ग्युसन. वाचनाची शिस्त मात्र स्वतःच लावून घ्यावी लागेल.