बिलात किट, गाडीत जुनंच रबर

जुन्या गाडीचा डिस्क ब्रेक “खोलून पूर्ण नवा केला” म्हणून पैसे घ्यायचे आणि फक्त ब्रेकच्या ऑईलमधली हवा काढून गाडी परत द्यायची, हा प्रकार गॅरेजात सर्रास चालतो. गाडी ताब्यात घेताना तो कळत नाही, म्हणूनच चालतो. हवा निघाली की लिव्हर कडक लागतो, गिऱ्हाईक दोनदा दाबून बघतं, खूश होतं आणि पैसे देतं. आतलं रबर कुजकं असलं तरी लिव्हर काही दिवस कडकच राहतो.

कोल्हापूर शहरातल्याच एका गॅरेजमधून आलेली १५० सीसीची तेरा वर्षं जुनी गाडी घ्या. बिलात कॅलिपर किट (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची नवी रबरं), मास्टर सिलिंडर किट (लिव्हरपाशी ऑईल दाबणाऱ्या भागाची), कॉपर वॉशर, ब्रेक ऑईल आणि मजुरी असं सगळं वेगवेगळं लावलेलं. तीन आठवड्यांत पुढचं चाक जाम व्हायला लागलं. कॅलिपर उघडल्यावर पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचं चौकोनी सील नखानं दाबलं तरी दबत नव्हतं, त्याच्या खाचेत अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचलेली आणि धूळ अडवणारं बाहेरचं सील फाटलेलं. मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीखाली सर्क्लिप, म्हणजे आतले भाग धरून ठेवणारी कडी, गंजून चिकटलेली. ती जुनीच, पक्कड न लागलेली. किटमध्ये सर्क्लिप नवी येते, त्यामुळे गंजलेली सर्क्लिप म्हणजे आतले रबरी कप बदललेच नाहीत. लिव्हरजवळच्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या काचेत ऑईल लिंबू सरबतासारखं स्वच्छ, आणि खाली कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायच्या तोंडातून) निघालं ते चहाच्या रंगाचं. वरचं ऑईल सिरिंजनं ओढून तेवढंच नवं ओतलं होतं. ही युक्ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी.

तेव्हा काचेत बघू नका. निपलला पारदर्शक नळी लावून समोर थोडं ऑईल काढायला सांगा.

वॉशरचा हिशेब तर कुणालाही जमेल. ब्रेकच्या होजला (ऑईलच्या नळीला) दोन टोकं, प्रत्येक टोकाच्या बॅन्जो बोल्टला, म्हणजे मधून ऑईल जाणाऱ्या पोकळ बोल्टला, दोन्ही बाजूंनी एकेक वॉशर, म्हणजे एका डिस्कला चार. होज सुटला की चारही नवे लागतात, कारण तांबं एकदाच नीट दबतं. बिलात दोनच दिसले तर एक टोक सुटलंच नाही, किंवा जुने पुन्हा बसवले.

दुसरी लबाडी पिस्टनची. २०१९ आणि २०२१ च्या इथल्या पुरात ज्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांच्या धूळ-सीलमागे गाळ शिरून पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडलेले असतात. असा पिस्टन पॉलिश पेपर मारून चकाचक करतात आणि “नवा टाकला” म्हणून सांगतात. क्रोम गेलेलं असतं, एका पावसाळ्यात गंज परत येतो आणि नवीन सीलसुद्धा कापतो. सील बसतं त्या पट्ट्यात नखाला खड्डा लागला, तर पिस्टन बदलायचाच. त्याला दुसरा इलाज नाही.

तिसरी गोष्ट फसवणूक म्हणावी की अडाणीपणा, ठरवणं अवघड आहे. ब्रेकचं रबर पेट्रोल, इंजिन ऑईल किंवा साधं ग्रीस लागलं की फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला मागे येऊ देत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते. सील बसवताना बुडवायचं ते नव्या ब्रेक ऑईलमध्ये. सरकणाऱ्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. कॅलिपर पेट्रोलनं धुतला जात असेल, तर तिथून गाडी उचला.

खरं काम कसं होतं ते माहीत असलं की समोर उभं राहून ओळखता येतं. ऑईल रिकामं करण्याआधीच लिव्हर दाबून पिस्टन बाहेर आणतात, पक्कडीनं उपटत नाहीत. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, म्हणून समोर लाकडाचा ठोकळा धरतात. खाच स्क्रूड्रायव्हरनं न खरवडता लाकडी काडीनं साफ करतात. सगळं नीट झालं तर पिस्टन अंगठ्याच्या जोरानं आत जातो. मास्टरमध्ये दोन भोकं असतात, त्यातलं एक सुईएवढं. ते बुजलं असेल तर ऑईल तापल्यावर परत टाकीत जात नाही आणि ब्रेक आपोआप धरतो. नवं किट टाकूनही चाक जाम होतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

हवा काढताना निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या बाजूला असायला हवी. लिव्हर दाबून धरायचा, आठचा पाना फिरवून निपल उघडायची, बंद करायची, मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की नळीतून हवा परत आत जाते. टाकी मधे कधीही रिकामी पडू द्यायची नाही. एका डिस्कला शे-दीडशे मिली नवं ऑईल गेलं पाहिजे. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑईलची सीलबंद लहान बाटली समोर उघडून घ्या. उघड्या कॅनमधलं ऑईल हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषलेल्याचा १५५. पन्हाळा उतरताना किंवा गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात हा फरक ऑईल उकळून लिव्हर मुठीला टेकल्यावरच कळतो. टाकीच्या झाकणावर डॉट ४ छापलेलं असेल तर डॉट ५ चालत नाही. ते सिलिकॉनचं असतं. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

गाडी घेताना लिव्हर मिनिटभर सारख्या जोरानं दाबून धरा. हळूहळू मुठीकडे सरकला आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टरच्या कपातून ऑईल मागे निसटतंय. स्पंजासारखा लागला तर हवा. कडक आहे पण सोडल्यावर चाक हातानं मोकळं फिरत नाही, तर सील किंवा ते सुईएवढं भोक. मग दहा किलोमीटर चालवून पुन्हा चाक फिरवून बघा, कारण अडकणारा ब्रेक थंड असताना गप्प बसतो.

काम टाकतानाच सांगून ठेवा: जुनी सीलं, कप, सर्क्लिप आणि वॉशर पिशवीत घालून परत हवेत. “कचऱ्यात गेले” असं उत्तर आलं तर त्या पार्टचे पैसे द्यायचे नाहीत. बिल पार्टवार घ्या. नुसतं “ब्रेक काम” लिहिलेल्या बिलावर पुढे काहीच सिद्ध होत नाही. पैसे दिल्यानंतर फसवणूक लक्षात आली, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. त्यासाठी कॅलिपर दुसरीकडे उघडताना पहिला बोल्ट सुटायच्या आधीपासून व्हिडिओ चालू ठेवा.