मखमलाबादची बिनपाटीची नर्सरी

नाशिकला थंडी पडली की निफाडचा आकडा आधी येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते पेपरात छापून येतं आणि द्राक्षवाल्यांची झोप उडते. गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांनाही तीच काळजी असते, पण आमच्यासाठी वेगळा सल्ला कुठे छापून येत नाही. मला तो या नर्सरीत मिळतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मखमलाबाद गावाच्या पुढे द्राक्षबागा सुरू होतात तिथे रस्त्याला लागून हिरवी शेडनेट दिसते, तीच ही जागा. पाटी नाही. सगळे ‘काकांची नर्सरी’ म्हणतात.

आधी रोपांबद्दल. भाजीची रोपं प्रोट्रेमधली, म्हणजे खाचांच्या प्लॅस्टिक ट्रेमधली, बुटकी आणि जाड देठाची. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची सुटी मिळतात, दोन-तीन रुपयांना एक. कुंडीवाल्यांना चारच रोपं हवी असतात आणि बहुतेक ठिकाणी अख्खा ट्रे घ्या म्हणतात, त्यामुळे हे मोठंच सुख आहे. डोळा भरलेला, म्हणजे जंगली खुंटावर कलम केलेला गुलाब ८० रुपयांना. काका डोळा कुठे भरलाय ते बोटाने दाखवतात आणि त्याच्या खालून आलेला जंगली खुंटाचा फुटवा आपल्या हाताने मोडून मगच रोप देतात. घरी असा फुटवा वाढू दिला तर वरचा गुलाब हळूहळू मरतो, हे किती जणांना विकताना सांगतात?

आंध्रातल्या कडियमहून आलेली शोभेची झाडंही असतात. ती चिकट मातीच्या गोळ्यात येतात. वरून पाणी घातलं तर बाजूने वाहून जातं, आत मुळं कोरडीच राहतात. काका ही झाडं लपवत नाहीत. ‘‘ताई, हे बाहेरचं आहे. आठ दिवस सावलीत ठेवा, मग गोळा थोडा मोकळा करून लावा,’’ असं आधीच सांगतात. मागच्या पौषात मी मोगरा मागितला तर दिलाच नाही. ‘‘आत्ता नेऊन काय करणार? थंडीत तो वाढत नाही. जानेवारीअखेर छाटणी करून ठेवतो, फेब्रुवारीत या.’’ हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटलेला नाही.

पण तिथे खरं जायचं ते रविवारी सकाळी, साडेआठच्या सुमाराला. शेडबाहेर ऊन आलेलं असतं, काकू आल्याचा चहा करतात आणि पाच-सात जण कुंड्यांच्या मधल्या वाटेत उभे असतात. गंगापूर रोडचे एक निवृत्त बँकवाले, सिडकोतल्या दोघी बहिणी, जवळच्या मळ्यातला एखादा द्राक्षवाला, आणि मी. बोलणं सगळं झाडांचंच. कुणाचा कढीपत्ता नव्या पालवीवर अडून बसलाय, कुणाच्या तुळशीची पानं गळताहेत, कुणी शेवंतीची फुलं संपल्यावर झाड उपटून टाकलं म्हणून बाकीचे हळहळतात. शेवंती बुडापासून वीतभर ठेवून छाटायची, बाजूने मुनवे फुटतात, तीच पुढच्या वर्षीची रोपं.

मागच्या डिसेंबरात एक चर्चा फार रंगली. द्राक्षवाले कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला पाणी सोडतात आणि शेकोट्या पेटवतात, नाहीतर मणी तडकतात. मग गच्चीवरही पहाटे पाणी घालावं का? बँकवाले म्हणाले, हो. द्राक्षवाला दादा म्हणाला, ‘‘साहेब, आमचं पाणी विहिरीचं. पहाटे ते हवेपेक्षा कोमट असतं. तुमचं टाकीतलं, रात्रभर गार झालेलं. तेच मुळांवर ओतणार का?’’ सगळे गप्प झाले. शेवटी काकांनी निवाडा केला: कुंड्यांना ऊन आल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला पाणी द्यायचं. संध्याकाळी पानं ओली करायची नाहीत, पण माती खडखडीत कोरडीही ठेवायची नाही, कारण ओलसर माती दिवसाची ऊब जास्त वेळ धरते. अडेनियमला मात्र हा नियम नाही. त्याचं पाणी जवळपास बंदच करायचं, नाहीतर बूड सडतं. मी तेव्हापासून हेच करते आणि माझ्या कुंड्या खूश आहेत.

टोमॅटोची फुलं गळतात ही दर जानेवारीची तक्रार. रात्रीचा पारा १२-१३ अंशांच्या खाली गेला की परागकण नीट धरत नाहीत, म्हणून फूल फळ न धरताच गळतं. त्यावर औषध म्हणून टॉनिक विकणारे खूप आहेत. काका काही विकत नाहीत, थांबा म्हणतात. मटारच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, आली तर मात्र पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, ऊन कडक नसताना फवारायला सांगतात.

आता न आवडलेलं. ‘मिक्स खत’ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, त्यावर ना घटक लिहिलेले ना तारीख. रोपांच्या बाबतीत इतका चोख माणूस खताच्या बाबतीत असं का करतो, मला कळत नाही. मी त्यांना हे तोंडावर सांगितलंय. त्या पिशव्या घेऊ नका, सुटी निंबोळी पेंड आणि शेणखत घ्या, ते चांगलं आहे. कोकोपीटची वीटही इथे महाग पडते. गाडी लावायला जागा नाही आणि मोबाइलला रेंज जेमतेम, तेव्हा रोख पैसे ठेवा.

पिटुनिया आणि डायन्थसची रोपं रविवारी दहाच्या आत संपतात, तेव्हा लवकर निघा. जाताना आजारी झाडाचं एखादं पान पिशवीत घालून न्या. फोटोवरून काका काही सांगत नाहीत, पान उलटं करून बघतात आणि मगच बोलतात.