व्हेरिफाय कमांड: स्पेलिंगचा मास्तर, बाकीचं आपलं आपण

लिनक्सवर सर्व्हिस फाईल (प्रोग्राम बॅकग्राउंडला कसा चालवायचा ते सांगणारी फाईल) लिहिली की डायरेक्ट स्टार्ट मारायचं आणि फेल्ड दिसलं की जर्नलमध्ये (सिस्टमच्या लॉगमध्ये) डोकं घालून बसायचं, ही सवय मलाही होती. या सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीसोबतच सिस्टमडी-अ‍ॅनालाइज येतं, त्यात सर्व्हिस फाईल आधीच तपासणारी व्हेरिफाय नावाची कमांड आहे, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, तरी कित्येक जण ती वापरतच नाहीत म्हणून हा रिव्ह्यू.

झालं असं की मित्राच्या क्लासचं हजेरीचं छोटंसं पायथन अ‍ॅप सर्व्हरवर चढवत होतो. टर्मिनलमधून हाताने चालवलं की मस्त चालायचं, सर्व्हिस म्हणून लावलं की डेटाबेस फाईल उघडत नाही म्हणून रडायचं. परमिशन बघितल्या, युजर बदलून बघितला, रात्रीचा दीड वाजला. शेवटी व्हेरिफाय चालवलं तर एका ओळीत उत्तर, की अमुक ओळीवरचा शब्द माझ्या ओळखीचा नाही, इग्नोर करतोय. वर्किंगडिरेक्टरी (प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चालवायचा ती ओळ) लिहिताना मी शेवटचा आर खाल्ला होता! सिस्टमडी असल्या चुकीला अडत नाही, ती ओळ सोडून पुढे जातं, मग अ‍ॅप थेट रूट फोल्डरमधून सुरू होतं आणि डेटाबेस तिथे शोधत बसतं. (वॉर्निंग जर्नलमध्येही होती म्हणा, मी शेवटच्या दहाच ओळी बघत होतो.)

एक्झेकस्टार्टमधला (कुठला प्रोग्राम चालवायचा त्या ओळीतला) पाथ चुकला असेल तरी आधीच सांगतं, प्रोग्राम चालवताच आला नाही म्हणणारा २०३ चा एरर यायची वाट बघावी लागत नाही.

आता तक्रार. दुसरी एक फाईल कुठूनतरी कॉपी मारलेली, त्यात टाईप फोर्किंग (प्रोग्राम स्वतःच बॅकग्राउंडला जाईल असं धरून चालणारा), आणि प्रोग्राम तर फोरग्राउंडलाच राहणारा. व्हेरिफाय ढिम्म! स्टार्ट मारल्यावर ९० सेकंद कर्सर लुकलुकत राहिला आणि मग टाइमआउट. टाईप सिम्पल केलं, डेमन-रीलोड मारलं (म्हणजे सिस्टमडीला फाईल पुन्हा वाचायला लावलं), लगेच चालू. म्हणजे शुद्धलेखन तपासणार, अर्थ नाही.

शिवाय तपासायला एक फाईल द्यावी तर तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या युनिट्सच्या (सर्व्हिससारख्याच इतर फाईलींच्या) वॉर्निंगही ओकतं. सिस्टमडीच्या २५० व्हर्जनपासून रिकर्सिव्ह-एरर्स ऑप्शन आलाय, तो नो केला की शांतता, पण माझ्या उबुंटू २२.०४ वर २४९ आहे त्यामुळे आमच्या नशिबी ग्रेप कमांडने नको त्या ओळी गाळणंच.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक त्या फोर्किंगच्या ९० सेकंदांचा कापला, अर्धा शेजाऱ्यांच्या वॉर्निंगचा.